इनास सरांचं क्रियापद

इनास सर 'माफ करा' असं कधी म्हणत नसत. कुणाच्या पायावर पाय पडला, फोन उचलायला उशीर झाला, चहात साखर जास्त पडली, तरी त्यांच्या तोंडून 'चुकलं माझं' एवढंच निघे. ते म्हणताना ते समोरच्याकडे न बघता स्वतःच्या हातांकडे बघत. सुरुवातीला मला तो ताठा वाटला. चूक कबूल करायची पण माफी मागायची नाही, म्हणजे माणूस भलताच मानी असणार, असा माझा समज झाला. तो किती उलटा होता हे कळायला मला त्यांच्याकडे वर्षभर ग्रीक शिकावं लागलं.

मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात संस्कृत शिकवते. ठाण्याच्या एका वाचनालयात माझं धातुरूपांवर व्याख्यान होतं. बोलण्याच्या भरात मी म्हणून गेले, की क्रियापदाची इतकी बारीक व्यवस्था जगात दुसरीकडे कुठंच नाही. व्याख्यान संपल्यावर पांढरा बुशशर्ट घातलेला, सत्तरी ओलांडलेला एक उंच माणूस जवळ आला.

"छान बोललात, बाई. फक्त 'कुठंच नाही' हे शब्द जरा घाईत आले."

मग त्यांनी बोटांवर मोजल्यासारखं म्हटलं, "तुमचं ददामि, त्यांचं दिदोमि. तुमचं दधामि, त्यांचं तिथेमि. तुमची ही दोन भावंडं आमच्या घरी राहतात."

"तुमच्या म्हणजे कुणाच्या?"

"ग्रीकांच्या. म्हणजे माजिवड्याच्या," असं म्हणून ते स्वतःच मोठ्यांदा हसले.

त्यानंतर दर शनिवारी मी माजिवड्याला जाऊ लागले. मेट्रोचे खांब, उड्डाणपूल आणि त्यामागचे टॉवर यांच्या मधोमध जुनं गावठाण अजून तग धरून होतं. गल्लीच्या वळणावर चुन्यानं रंगवलेला क्रूस आणि त्याच्या पलीकडे सरांचं कौलारू घर. घराण्याची एके काळी भातशेती होती. आता त्या जागी पार्किंग होतं. सर एकटेच राहत. जन्मभर ठाण्यातल्या एका शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. ग्रीक मात्र ते तरुणपणी सेमिनरीत, पाद्री व्हायच्या शिक्षणात शिकले होते. दीक्षा व्हायच्या थोडं आधी त्यांनी ते शिक्षण सोडलं. गावठाणातली मंडळी तरीही त्यांना 'पाद्रीसर' म्हणत. त्या हाकेत थोडी थट्टा असे आणि थोडी हळहळ. सर दोन्हीला सारखीच मान हलवत.

शिकवताना ते वेगळेच होत. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यावर जाड पेन्सिलीनं रूपं लिहायचे आणि एखादं अवघड रूप मी बरोबर ओळखलं की खुर्चीतून अर्धे उठायचे. "अहो, शाबास! याला तर आमच्या वर्गात सगळे घाबरायचे." एका शब्दात अर्थ विचारलेला त्यांना अजिबात खपत नसे. "अर्थ विचारू नका. शब्द कुणाशेजारी बसलाय ते विचारा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आणि दुसरं एक वाक्य, जे मी आता माझ्या वर्गात वापरते: "क्रियापद चालवता येणं म्हणजे ते कळणं नव्हे, बाई. रिक्षावाल्याला पत्ता पाठ असतो, म्हणून तो त्या घरचा होत नाही."

एका शनिवारी मी गेले तेव्हा पान आधीच लिहून ठेवलेलं होतं. वर मोठ्या अक्षरात एकच शब्द. अफीएमि.

"आज हा," ते म्हणाले. "आधी फोडून दाखवा."

"अपो, म्हणजे आमचा अप उपसर्ग. दूर. आणि पुढे हिएमि."

"पाठवतो. धाडतो. दूर धाडतो. मग 'प'चा 'फ' कुणी केला?"

"पुढच्या 'ह'नं."

"बघा, संधी तुम्हाला शिकवावा लागत नाही. पण या हिएमिला संस्कृतात सरळ ओळखू येईल असं भावंड नाही. बिचारा एकटा आहे."

मग त्यांनी रूपं म्हणायला सुरुवात केली. "अफीएमि, सोडतो. अफेसो, सोडीन. अफेका, सोडलं, एकदाच, आणि विषय संपला. अफेइका, सोडलेलं आहे आणि अजून सुटलेलंच आहे. अफेस," इथं ते थांबले, "अफेस म्हणजे, सोड."

पानाच्या खालच्या अर्ध्या भागात त्यांनी वापर लिहिले होते. धनुर्धारी बाण सोडतो. कोळी जाळं टाकून जातो. ताप रोग्याला सोडतो. नवरा बायकोला सोडतो. कुणी दाराशी आलं तर त्याला आत सोडतात. आणि कुणी आपला अपराध केला असेल तर तो सोडून देतात, म्हणजे माफ करतात. या सगळ्याला ग्रीकमध्ये हे एकच क्रियापद.

मला भयंकर आनंद झाला. "सर, हे तर मराठीत आयतं आहे! बाण सोडला, तापानं सोडलं, बायको सोडली, आत सोडलं, आणि भांडणात नाही का आपण म्हणत, जाऊ दे, सोड? सगळंच्या सगळं 'सोडणे'मध्ये बसतं. भाषांतराला काही अडचणच नाही."

"हो," सर म्हणाले. "परीक्षेत मलाही काही अडचण आली नव्हती. वर्गात सगळ्यांत जास्त गुण मलाच होते या क्रियापदाला."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग हातांकडे बघत त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमानं सांगते.

त्यांना एक मोठी बहीण होती, रोजी. आई शेतावर जायची, तेव्हा इनास रोजीच्या कडेवर वाढला. इनास सेमिनरीत गेल्यावर दोन वर्षांत रोजीनं शहाडच्या एका आगरी तरुणाशी लग्न केलं. दत्ताराम त्याचं नाव, कारखान्यात फिटर. देवळात नाही, चर्चमध्ये नाही, सरळ कचेरीत जाऊन. वडिलांनी घरात तिचं नाव घ्यायचं बंद केलं आणि पुढं दीडेक वर्षातच ते वारले. इनास सेमिनरीतून आला. अंगात पांढरा झगा, त्यामुळे वयानं लहान असूनही घरातला मोठा माणूस तोच. सगळे नातेवाईक जमलेले असताना रोजी आली. कडेवर तान्हं मूल. इनास दारातच उभा होता.

"तिनं मला विचारलं, 'इनास, मना आत सोड. एकदा बाबाला बघू दे,'" सर म्हणाले. "माझ्या मागं सगळे काके उभे होते. कुणी एक शब्द बोललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, 'आता नको, रोजी. लोकं हायत. नंतर ये.' ती थोडा वेळ उभी राहिली. मग मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि गेली. नंतर कुठलं आलंय? बाबांना तासाभरात मातीत नेलं."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"आठवड्यानं परत गेलो, तर वर्गात हेच क्रियापद चालू होतं. फादर फळ्यावर लिहीत होते, अफेस. आज्ञार्थ, एकवचन. आत सोड. मी पूर्ण तक्ता चालवून दाखवला. एकही चूक नाही."

त्यानंतर त्यांना एक गोष्ट जमेनाशी झाली. त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत देवाकडे क्षमा मागताना, आम्हीही दुसऱ्यांना क्षमा करतो, असं म्हणायचं असतं. आपण म्हणताना 'करतो' म्हणतो. चालू काम, जमेल तसं. पण बायबलच्या मूळ ग्रीकमध्ये एका ठिकाणी तिथं 'अफेकामेन' आहे. सोडलं. झालं. आधी काम पुरं करायचं आणि मग हात जोडायचे.

"आणि गंमत बघा, बाई," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात गंमत अजिबात नव्हती. "येशूचे शिष्य एकदा म्हणतात, आम्ही सगळं मागं टाकून आलो, घरदार सगळं. तिथंही नेमकं हेच रूप. अफेकामेन. आम्ही माफ केलं आणि आम्ही सोडून आलो, यात अक्षराचाही फरक नाही. मी घर सोडून आलो होतो. पण घरात जे करायचं ते केलं नव्हतं. रोज पहाटे सगळ्यांबरोबर उभा राहायचो आणि त्या ओळीला तोंड मिटायचो. किती दिवस मिटणार? शेवटी निघून आलो."

"पण सर, तुम्ही रोजीताईंना कधी भेटला नाहीत?"

"नाही."

"शहाड किती लांब आहे असं?"

"अंतराचा प्रश्न नाही. काळाचा आहे," सर म्हणाले आणि व्याकरणातला हा विनोद झाला हे लक्षात येऊन आणखीच ओशाळले.

त्या पावसाळ्यात दत्ताराम गेल्याची बातमी त्यांच्या चुलतभावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. कुणीतरी फॉरवर्ड केली होती. खाली हात जोडल्याच्या दोन खुणा, बाकी सगळे गप्प. सरांनी मला सकाळी फोन केला. "बाई, तुम्ही याल का? मला एकट्याला जमेलसं वाटत नाही."

आम्ही टॅक्सीनं निघालो. भिवंडी बायपासला नेहमीसारखा ट्रक अडकलेला होता, दुर्गाडी पुलावर पुन्हा थांबलो. सर वाटभर ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. मला वाटलं प्रार्थना असेल. कान दिला तर म्हणत होते, "रोजी, मी माफी मागायला आलोय. रोजी, माफी मागायला आलोय मी." कुठला शब्द आधी घ्यावा, हे ठरत नव्हतं.

शहाड स्टेशनच्या मागच्या बाजूला चाळीत तळमजल्यावर दोन खोल्या. दार उघडंच होतं. आत दत्तारामच्या फोटोला हार, बाजूला गणपतीची तसबीर आणि तिच्या खाली खिळ्याला टांगलेली जपमाळ. रोजीताई पलंगावर बसल्या होत्या. सरांसारखीच उंची, सरांसारखंच नाक. त्यांनी भावाकडे बघितलं आणि इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य म्हटलं, "चपला आत घे. कुत्रं नेतंय."

सर उभेच राहिले. "रोजी, मी तुझी माफी मागाया आलोय."

"कशाची?"

"त्या दिवशी. दारात."

रोजीताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "बाबा गेला तवाचं बोलतंस? मागं सगले काके उभे व्हते. तू पोरगा. तू काय करणार व्हतास? माजिवड्याच्या नाक्यावर बस येईपर्यंत रडले मी. बस आली, पोराला दूध पाजलं, सोडलं."

"सोडलंस?"

"मंग काय जल्मभर उरावर घेऊन बसू? मना घर चालवायचं व्हतं."

सर खुर्चीत बसले. मला वाटलं आता रडतील. पण रोजीताईंचं संपलं नव्हतं.

"ते सोडलं. दुसरं नाय सोडलं. तू पाद्री व्हायचं टाकून आलास. का आलास?"

"तुझ्यामुळं," सर म्हणाले. "म्हणजे, मी तुझ्याशी जे केलं त्यामुळं. मला लाज वाटली."

"ते कुणाला सांगितलंस?"

सर हातांकडे बघू लागले.

"गावात सगले काय बोलले, हाय तुना ठावं? रोजीनं बाट लावली, आनि तिच्या पापापायी पोरगा देवाकडून परत आयला. आयनं मरताना पन तेच सांगितलं. रोजीनं माझा इनास देवाकडून काढून नेला. मावशीनं मना येऊन सांगितलं. आयनं मना बोलावलं नाय, शेवटचा शाप तेवढा धाडला. तू तिथंच व्हतास ना, आयच्या उशाला? एकदा तरी तोंड उघडलंस? आय, रोजीचं काय नाय, मीच चुकलो, असं बोललास?"

"नाही," सर म्हणाले. "मी कुणालाच काही बोललो नाही. मला वाटलं, गप्प राहणं हीच माझी शिक्षा."

"शिक्षा तुझी. भोगली मी."

हे त्या ओरडून म्हणाल्या नाहीत. उठल्या, आतून तीन कप चहा आणला, आणि मला विचारलं, साखर बरोबर हाय ना. सरांनी चहा प्यायला. निघताना त्यांनी पुन्हा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर रोजीताई म्हणाल्या, "आता नको. मना अजून राग हाय. पन येत जा."

परतीच्या वाटेवर सर खाडीकडे बघत होते. मग म्हणाले, "जन्मभर मी त्या क्रियापदाला कर्म चुकीचं लावलं, बाई. मला वाटलं मी दारातलं वाक्य वाहतोय. आणि ती बिचारी माझं मौन वाहत होती." त्यांना धीर द्यावा असं वाटत होतं, पण रोजीताईंचं म्हणणं खरं होतं. खऱ्यासमोर माझा धीर किती खोटा वाटला असता.

पुढच्या शनिवारी मी गेले तर सर इस्त्रीचा शर्ट घालून दारातच भेटले. "आज वर्ग नाही. चला माझ्याबरोबर." ते गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायला निघाले होते. ज्यांनी रोजीला नावं ठेवली त्यांतले बहुतेक आता कबरस्तानात होते. उरलेल्यांत एकाला स्मृतिभ्रंश झालेला, त्यानं सरांचं सगळं बोलणं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग दीक्षा कवा हाय तुझी?" एका घरी सून म्हणाली, मामा झोपलेत, काय निरोप आहे का? सरांनी तिलाही सांगितलं. "सांग त्यांना, रोजीचा काही दोष नव्हता. मी तिला बाबांच्या मयताला आत घेतलं नाही, त्याची मला लाज वाटली म्हणून मी पाद्री व्हायचं सोडलं." ती पोर विशीतली असेल. तिला रोजी कोण हेही माहीत नव्हतं. "हां, सांगते," म्हणाली आणि भाजीचा गॅस बंद करायला आत पळाली.

शेवटचं घर फिलूमायचं. नव्वदीच्या घरात, ओट्यावर बसून लसूण सोलत होती. ती सरांच्या आईची मैत्रीण. सरांनी तेच वाक्य तिच्यासमोर म्हटलं. तिनं ऐकलं, लसणाची पाकळी हातातच राहिली.

"मंग इतकी वर्सं का नाय बोललास रं?"

"चुकलं माझं."

"चुकलं! आनि आमी तिच्याबद्दल काय काय बोललो, त्याचं काय करू आता? माझी जीभ कापून आनू?"

सर ओट्याच्या पायरीवर बसले आणि तिच्या टोपलीतला लसूण सोलू लागले. मी तशीच उभी राहिले. गावठाणातली पोरं आम्हाला वळसा घालून क्रिकेट खेळत होती.

त्यानंतर दर महिन्याला सर शहाडला जात. मी एकदोनदाच गेले बरोबर. रोजीताई जेवू घालत, त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी करत, पण माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि सरांनी पुन्हा विचारलं नाही. आमचे वर्गही चालू होते. आम्ही पुढच्या क्रियापदांवर गेलो. हिवाळ्यात एका गुरुवारी दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. सर खुर्चीत बसल्या बसल्याच गेले होते.

मातीला मी गेले. रोजीताई मुलाबरोबर आल्या होत्या. इतक्या वर्षांनी गावठाणात आलेली ती उंच म्हातारी कोण, हे बऱ्याच जणांना सांगावं लागत होतं. कबरस्तानातून बाहेर पडताना फिलूमाय नातवाच्या हाताला धरून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"रोजी, इनासनं आमाना सांगितलं. आमी चुकलो, बाय."

रोजीताईंनी तिच्याकडे बघितलं. "उशीर केलात," म्हणाल्या. मग बाजूला सरून त्यांनी म्हातारीला पायवाटेवर पुढं जायला जागा करून दिली.

नंतर त्या माझ्याशेजारी बाकावर येऊन बसल्या. मुलगा गाडी आणायला गेला होता.

"तुमीच शिकायला यायच्या ना, त्याच्याकडं? शिकवताना तो बोलायचा का?"

"खूप बोलायचे. हसायचेही खूप."

"हसायचा?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्याकडून काहीतरी लपवून ठेवलं होतं. "कसा?"

मी सांगितलं. एखादं अवघड रूप मी ओळखलं की कसे खुर्चीतून अर्धे उठायचे. स्वतःच्याच विनोदावर कसे मोठ्यांदा हसायचे. त्या ऐकत राहिल्या. गाडी आली, मुलानं हॉर्न दिला, तरी उठल्या नाहीत.

"लहानपनी तसाच हसायचा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं यायचा तवा नुसता मान खाली घालून बसायचा. मी त्याला जेवाया वाढलं, बसवलं, पन एकदा हसवलं नाय. मना वाटलं, बसू दे जरा. अजून थोडं बसू दे." त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि मुलाला हातानंच खूण केली, की थांब, आलेच.